सुरक्षितता, स्वातंत्र्य आणि कालमर्यादा

२२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडण्यात आली. त्यानंतर सरकारने पुण्यात जी धरपकड केली, तीतील दोन प्रकरणे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पहिले लोकमान्य टिळकांचे. 'केसरी'तील लेखनाबद्दल त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. तो मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे नऊ जणांच्या ज्यूरीसमोर चालला. सहा युरोपीय सभासदांनी त्यांना दोषी ठरविले, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष म्हटले, आणि १४ सप्टेंबर १८९७ रोजी टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. हा न्याय कसा होता ते महाराष्ट्राला सांगावयास नको. दुसरे प्रकरण सरदार नातूबंधूंचे. त्यांच्यावर खटला झालाच नाही. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या पंचविसाव्या विनियमाखाली त्यांना पकडून बंदिवासात ठेवण्यात आले. आरोप नाही, साक्षीदार नाही, वकिलाला बोलण्यासाठी न्यायासन नाही, आणि मुदतही नाही. टिळक ६ सप्टेंबर १८९८ रोजी सुटून आले. नातूबंधूंच्या सुटकेसाठी १८९९ साल उजाडावे लागले. ज्याच्यावर गुन्हा शाबीत झाला असे सरकार म्हणत होते तो आधी घरी आला; ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोपसुद्धा ठेवलेला नव्हता ते मागाहून आले.

सुरक्षितता आणि नागरी स्वातंत्र्य यांचा तोल या विषयावर पुष्कळ लिहिले जाते, आणि त्यात बहुधा तराजूची उपमा येते : एका पारड्यात सुरक्षितता, दुसऱ्यात स्वातंत्र्य. युरोपातील अनुभवाचा विचार करणाऱ्या पुस्तकात मराठी वाचकासाठी हे प्रकरण वेगळे जोडताना ती उपमा मी बाजूला ठेवली आहे. कारण तराजूने एवढेच कळते की कायदा कडक आहे की सौम्य. नातूबंधूंच्या बाबतीत खरा प्रश्न कडकपणाचा नव्हता. टिळकांना झालेली शिक्षा कडकच होती. प्रश्न असा होता की पकडलेल्या माणसाला, ज्याने पकडले त्याच्याहून वेगळ्या आणि 'सोडा' असे म्हणण्याचा अधिकार असलेल्या माणसासमोर किती काळाने उभे केले जाते. तास, दिवस, महिने की वर्षे? हे माप हाती धरले की दिल्ली, मुंबई, डब्लिन आणि लंडन येथील कायदे एका रांगेत ठेवून तपासता येतात.

थोडे शब्दांविषयी. 'अटक' म्हटले की पोलीस डोळ्यांपुढे येतात, 'कैद' म्हटले की तुरुंग. 'स्थानबद्धता' हा शब्द मात्र विलक्षण सोज्ज्वळ आहे. त्यात भिंत नाही, कुलूप नाही. कोणी आपण होऊन एके ठिकाणी बसून राहिला आहे असे वाटावे. गुन्हा घडण्यापूर्वीच, तो घडू नये म्हणून, खटल्याशिवाय माणसाला डांबून ठेवणे याला आपल्या संविधानाच्या मराठी पाठात 'प्रतिबंधक स्थानबद्धता' म्हटले आहे. याउलट, बंदिवानाला न्यायालयापुढे हजर करून त्याच्या बंदिवासाचे कारण सांगा, अशा आदेशासाठी त्याच पाठात 'देहोपस्थिती' हा शब्द आहे. जुन्या लेखनात 'बंदीप्रत्यक्षीकरण' असेही आढळते. 'देहोपस्थिती' उच्चारायला जड खरा, पण मला तो अधिक प्रामाणिक वाटतो. न्यायालय मागते ते मत नव्हे, अहवाल नव्हे. ते सांगते, देह समोर आणा.

स्वतंत्र भारताच्या संविधानात प्रतिबंधक स्थानबद्धता आली ती मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच, ही गोष्ट परदेशी अभ्यासकांना नेहमी चकित करते. युरोपातील लोकशाही राज्यांनी असा अधिकार युद्धासाठी किंवा आणीबाणीसाठी राखून ठेवला. आपण तो शांततेच्या काळासाठीही ठेवला. त्याला कारण होते. फाळणीच्या रक्तपातातून देश नुकताच बाहेर पडत होता, तेलंगणात सशस्त्र उठाव चालू होता, महात्मा गांधींची हत्या झाली होती. घटना समितीत जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांविषयीच्या अनुच्छेदातून अमेरिकन पद्धतीची 'यथोचित प्रक्रिया' ही शब्दयोजना वगळण्यात आली आणि तिच्या जागी 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' आली. यामुळे संसद करील तो कायदा प्रमाण, असे होऊन बसेल ही टीका तेव्हाच झाली. सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी जो नवा अनुच्छेद मांडला आणि जो आज बाविसावा म्हणून ओळखला जातो, तो ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठीच मांडत आहोत असे त्यांनी सांगितले होते. त्यात अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे नेलेच पाहिजे असा नियम आहे. हे पहिले घड्याळ. स्थानबद्धाला मात्र ते घड्याळ लागू नाही. त्याच्यासाठी दुसरे, पुष्कळ संथ घड्याळ आहे : तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवावयाचे झाल्यास सल्लागार मंडळाचे अनुकूल मत घ्यावे लागते.

संविधान अमलात येऊन चार महिने होण्याच्या आत या दुसऱ्या घड्याळाची परीक्षा झाली. मद्रासच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेले साम्यवादी पुढारी ए. के. गोपालन यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने मे १९५० मध्ये मुख्यतः फेटाळला. स्थानबद्धतेची कारणे न्यायालयासमोर उघड करण्यास मनाई करणारे कलम तेवढे रद्द केले. १९५० चा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा तात्पुरता म्हणून केलेला होता. तो पुनःपुन्हा वाढवला जाऊन १९६९ च्या अखेरीस संपला. तात्पुरता या शब्दाची मराठीत जी थट्टा होते ती विनाकारण होत नाही.

या काळातील एक खटला मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासातही नोंदवला जावा इतका वेधक आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर आणीबाणी जाहीर झाली आणि भारत संरक्षण नियमांखाली अनेक साम्यवादी कार्यकर्ते डांबले गेले. त्यांपैकी प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे मुंबईच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी सरकारच्याच परवानगीने 'अणूच्या अंतरंगात' या नावाचे विज्ञानविषयक मराठी पुस्तक लिहिले. पुस्तक पूर्ण झाल्यावर हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठवू द्यावे, असा अर्ज त्यांनी केला. महाराष्ट्र सरकारने नकार दिला. अणुकेंद्रकाभोवती फिरणाऱ्या कणांपासून राज्याला कोणता धोका होता ते सांगणे कठीण आहे. पुस्तकात आक्षेपार्ह काही आहे असे सरकारचेही म्हणणे नव्हते. सरकारचे म्हणणे एवढेच होते की, स्थानबद्धाला कोणत्या सवलती द्यावयाच्या ते आम्ही ठरवितो आणि ही सवलत त्यांत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निर्णय दिला, आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. येथे युक्तिवादाचा सांधा बारकाईने पाहावा. राष्ट्रपतींच्या आदेशाने व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाट त्या काळात बंद झालेली होती. पण ती बंद होती भारत संरक्षण कायद्याखाली झालेल्या कारवाईपुरती. हस्तलिखित अडवून ठेवण्याचा अधिकार त्या कायद्यात किंवा स्थानबद्धांविषयीच्या नियमांत कोठे आहे, असे न्यायालयाने विचारले. तो कोठेच नव्हता. जे नियमात नाही ते बंधन केवळ अधिकाऱ्याच्या इच्छेने लादता येत नाही. स्थानबद्धता वैध की अवैध हा प्रश्न न्यायालयाने हाती घेतला नाही. संझगिरी तुरुंगातच राहिले. पण 'कोणत्या कायद्याने?' हा प्रश्न भर आणीबाणीत विचारण्याचा आपला अधिकार न्यायालयाने सोडला नाही.

अकरा वर्षांनी तो सोडला.

२५ जून १९७५ रोजी अंतर्गत आणीबाणी पुकारली गेली. २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने समता, जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य आणि अटकेपासून संरक्षण या तिन्ही हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद झाली. १९७१ चा अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजे 'मिसा', हाताशी होताच. त्यात दुरुस्त्या करून स्थानबद्धतेची कारणे बंदिवानाला कळविण्याची अट काढून टाकण्यात आली, आणि ती कारणे गोपनीय असल्याने न्यायालयालाही सांगता येणार नाहीत अशी तरतूद झाली. शहा आयोगाच्या नोंदीप्रमाणे 'मिसा'खाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ माणसे पकडली गेली. महाराष्ट्रात मृणाल गोरे तुरुंगात गेल्या. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनाही तुरुंग चुकला नाही.

दिल्लीत जुलै १९७५ मध्ये पत्रकार कुलदीप नय्यर यांना पकडण्यात आले. त्यांच्या पत्नीने दिल्ली उच्च न्यायालयात देहोपस्थितीचा अर्ज केला. न्यायमूर्ती रंगराजन आणि अगरवाल यांच्यापुढे सुनावणी झाली. निकाल विरुद्ध जाणार असे दिसताच सरकारने नय्यर यांना सोडून दिले, म्हणजे आता निकाल देण्याचे कारणच उरले नाही असे म्हणता यावे. न्यायाधीशांनी १५ सप्टेंबर १९७५ रोजी निकाल दिला तो दिलाच, आणि स्थानबद्धता अवैध ठरविली. पुढे रंगराजन यांची बदली गौहातीला झाली. अगरवाल यांना उच्च न्यायालयातून परत सत्र न्यायाधीशाच्या पदावर जावे लागले.

देशातील नऊ उच्च न्यायालयांनी, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह, अशा प्रकरणांत बंदिवानांचे म्हणणे ऐकून घेता येते असा निर्णय दिला होता. त्यांवरील अपिले दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापुढे एकत्र आली. जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा हा खटला २८ एप्रिल १९७६ रोजी निकालात निघाला. बंदिवानांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत सासवडचे वि. म. तारकुंडे होते. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद सोडून ते दिल्लीत वकिली करीत होते, आणि त्याच वर्षी जयप्रकाश नारायण यांच्यासह नागरी स्वातंत्र्यासाठी संघटना उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. सुनावणीत न्यायमूर्ती हं. रा. खन्ना यांनी महान्यायवादी नीरेन डे यांना विचारले की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले तरी आणीबाणीत त्यावर न्यायालयात दाद नाही काय. आणीबाणी चालू असेतो नाही, असे उत्तर आले. इतके स्पष्ट उत्तर ऐकूनही पाचांपैकी चार न्यायाधीशांनी सरकारचे म्हणणे मान्य केले. सरन्यायाधीश अ. ना. राय, मि. ह. बेग, यशवंतराव चंद्रचूड आणि प्र. ना. भगवती हे ते चौघे. एकटे खन्ना विरुद्ध गेले. जानेवारी १९७७ मध्ये सेवाज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला.

या निकालाचे दोष पुष्कळ सांगितले गेले आहेत. आपल्या मापाने पाहिले तर त्याचे स्वरूप असे : संविधानातील पहिले घड्याळ चोवीस तासांचे, दुसरे तीन महिन्यांचे, या निकालाने दोन्ही घड्याळे थांबविली. १८२७ च्या विनियमाखाली नातूबंधू जेथे उभे होते तेथेच स्वतंत्र भारताचा नागरिक आणून उभा केला गेला. हा निकाल औपचारिकपणे चुकीचा ठरविला जाण्यास २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. खाजगीपणाच्या हक्काविषयीच्या त्या निर्णयात मुख्य मत लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतराव चंद्रचूडांचे पुत्र, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

आणीबाणी गेल्यावर, जनता सरकारच्या काळात, 'मिसा' रद्द झाला आणि १९७८ मध्ये संविधानाची चव्वेचाळिसावी दुरुस्ती झाली. तिच्यामुळे आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद करता येत नाही. येथे युरोपशी तुलना उपयोगी पडते. युरोपीय मानवी हक्क कराराच्या पंधराव्या अनुच्छेदाप्रमाणे युद्धात किंवा राष्ट्राच्या अस्तित्वाला धोका असताना राज्याला काही हक्कांपासून तात्पुरती सूट घेता येते. पण छळास मनाई, गुलामगिरीस मनाई असे काही हक्क कोणत्याही संकटात बाजूला सारता येत नाहीत. व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, म्हणजे खटल्याशिवाय न डांबले जाण्याचा हक्क, मात्र त्या अभेद्य यादीत नाही. युरोपीय न्यायालयाने १९६१ मध्ये दिलेला अगदी पहिला गुणावगुणांवरील निर्णय याच प्रश्नावर होता. आयरिश सरकारने लॉलेस नावाच्या तरुणाला १९५७ मध्ये सुमारे पाच महिने खटल्याशिवाय ठेवले होते. न्यायालयाने सरकारला निर्दोष ठरविले. कागदावर पाहता, १९७८ नंतरची भारतीय तरतूद या बाबतीत युरोपहून उणी नाही. कागदावर, हे दोनदा वाचावे.

युरोपीय न्यायालयाने पुढे तासांचा हिशेब मात्र फार काटेकोर केला. उत्तर आयर्लंडमध्ये संशयितांना न्यायाधीशापुढे न नेता चार दिवस सहा तासांपासून पुढे ठेवले गेले होते. नोव्हेंबर १९८८ मध्ये न्यायालयाने म्हटले की दहशतवादाची पार्श्वभूमी लक्षात घेऊनही हा काळ अधिक आहे. 'विनाविलंब' या शब्दाला काही अर्थ उरला पाहिजे. ब्रिटिश सरकारने मग महिन्याभरातच करारातील सूट मागून आपला कायदा वाचवला, आणि १९९३ मध्ये ती सूट न्यायालयाने मान्यही केली. म्हणजे युरोपचा इतिहास काही सरळ विजयाचा नाही. पण चार दिवस सहा तास या आकड्यावर एक आंतरराष्ट्रीय न्यायालय आणि एक बलाढ्य सरकार यांचा वाद होतो, ही गोष्ट भारतीय वाचकाच्या मनात राहावी.

लंडनमध्ये जुलै २००५ च्या स्फोटांत ५२ माणसे मारली गेल्यानंतर सरकारने आरोप न ठेवता कोठडीत ठेवण्याची मुदत ९० दिवस करावी असा प्रस्ताव आणला. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला कॉमन्स सभेने तो फेटाळला. २८ दिवसांवर तडजोड झाली; २०११ मध्ये मुदत पुन्हा १४ दिवसांवर आली. पंतप्रधानांच्या स्वतःच्या पक्षाचे सभासद विरुद्ध गेले म्हणून हे घडले. न्यायालये पहारा करतात हे खरे, पण घड्याळाचे काटे प्रथम लोकप्रतिनिधींच्या हाती असतात.

आपल्याकडे ते कसे फिरले? मे १९८५ मध्ये दिल्लीत आणि आसपासच्या राज्यांत ट्रान्झिस्टरमध्ये दडवलेल्या बॉम्बचे स्फोट झाले. त्याच महिन्यात 'टाडा' कायदा आला, दोन वर्षांसाठी. ब्रिटनमध्येही बर्मिंगहॅमच्या मद्यगृहांत स्फोट झाल्यावर आठ दिवसांत, २९ नोव्हेंबर १९७४ रोजी, असाच तात्पुरता कायदा झाला होता आणि तो या ना त्या रूपात शतकाच्या अखेरपर्यंत टिकला. 'टाडा' १९९५ मध्ये संपला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने खासदारांना पत्र लिहून त्याचे नूतनीकरण करू नये अशी विनंती केली होती. त्या कायद्यात आरोपपत्राशिवाय माणसाला प्रारंभी एक वर्षापर्यंत ठेवता येई, आणि पोलीस अधीक्षकापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चाले. एरवी भारतीय कायद्यात पोलिसांपुढील कबुलीजबाब चालत नाही. पोलिसांच्या कोठडीत माणूस काय काय कबूल करतो हे इंग्रजांनाही ठाऊक होते. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'टाडा' वैध ठरविला. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला आणि पुढच्या मार्चमध्ये दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत 'पोटा' संमत झाला; तो २००४ मध्ये गेला. दरम्यान संघटित गुन्हेगारीसाठी १९९९ मध्ये केलेला महाराष्ट्राचा 'मोका' कायदा २००२ साली दिल्लीलाही लागू करण्यात आला. राजधानीने मुंबईहून कायदा उसना घ्यावा, हा योग क्वचितच येतो.

या कायद्यांच्या मागची गरज खोटी होती असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पंजाबात साक्षीदार न्यायालयात यायला धजत नव्हते. मार्च १९९३ च्या मुंबईतील स्फोटांत २५७ माणसे गेली. प्रश्न असा की, वाढवून दिलेला काळ आणि पोलिसांपुढचा कबुलीजबाब यांतून खरे गुन्हेगार सापडले काय.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. पहिल्या वर्गाचे डबे फाटले. घरी परतणारी १८९ माणसे मेली. 'मोका'खाली खटला चालला, २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाल्या, त्यांपैकी पाच जणांना मृत्युदंड. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरविले. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, ओळखपरेड आणि साक्षी टिकत नाहीत, असे न्यायालयास दिसून आले. बारांपैकी एक जण निकालापूर्वीच तुरुंगात मरण पावला होता. उरलेल्यांची एकोणीस वर्षे गेली होती. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने, हा निर्णय इतर खटल्यांत पूर्वदृष्टान्त म्हणून वापरू नये, अशा मर्यादेपुरती त्याला स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले नाही. उच्च न्यायालयाचा निर्णय बरोबर असेल तर या आगगाड्यांत बॉम्ब कोणी ठेवले हे एकोणीस वर्षे कोणी शोधलेच नाही. मृतांच्या घरच्यांना यापेक्षा कठोर उत्तर कोणते? दिल्लीतही २९ ऑक्टोबर २००५ रोजी, दिवाळी दोन-तीन दिवसांवर आली असताना, सरोजिनीनगर, पहाडगंज आणि गोविंदपुरी येथे स्फोट होऊन साठांहून अधिक माणसे मेली. २०१७ मध्ये त्या खटल्यातील दोघे पूर्णपणे निर्दोष सुटले. तिसऱ्याला वेगळ्याच आरोपाखाली झालेली शिक्षा त्याने आधीच भोगून झालेली होती. बर्मिंगहॅमच्या स्फोटांत २१ माणसे मेली होती. त्याबद्दल जन्मठेप झालेले सहा जण १९९१ मध्ये, सोळा वर्षांनी, निर्दोष म्हणून बाहेर आले.

दिल्लीतच एक उलट उदाहरण आहे. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात 'पोटा'च्या विशेष न्यायालयाने दिल्ली विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात अरबी शिकवणारे एस. ए. आर. गिलानी यांना डिसेंबर २००२ मध्ये मृत्युदंड दिला. ऑक्टोबर २००३ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. याच खटल्यात अफझल गुरूचा कबुलीजबाब, तो घेताना कायद्यातील संरक्षक अटी पाळल्या नाहीत म्हणून, सर्वोच्च न्यायालयाने बाजूला ठेवला. त्याची शिक्षा इतर पुराव्यावर कायम झाली. म्हणजे कबुलीजबाबाची जवळची वाट नसतानाही खटला उभा राहू शकत होता.

२००४ नंतरची घडामोड अधिक विचार करण्यासारखी आहे. 'पोटा' गेला, पण त्यातील अनेक तरतुदी १९६७ च्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात आल्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर महिन्याभरात त्यात आणखी भर पडली. आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत नेता येऊ लागली. आणि कलम ४३-ड प्रमाणे, पोलिसांचे कागद पाहून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटतो असे न्यायालयाचे मत झाले तर जामीन देता येईनासा झाला. कबुलीजबाबाचे जुने कलम मात्र आले नाही, हे नोंदविले पाहिजे. पण 'टाडा' आणि 'पोटा' यांना मुदत होती. ती संपली की सरकारला संसदेपुढे येऊन कारणे द्यावी लागत. या कायद्याला मुदतच नाही. फ्रान्समध्येही नोव्हेंबर २०१५ ची आणीबाणी दोन वर्षांनी उठली ती तिच्यातील कित्येक अधिकार साध्या कायद्यात मुरवूनच.

याचा परिणाम असा की स्थानबद्धता हे नाव न घेता स्थानबद्धता घडू लागली. आरोपी चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे जातो, आरोपपत्रही येते. पण जामीन मिळत नाही आणि खटला चालत नाही. भीमा कोरेगाव प्रकरणी ऑगस्ट २०१८ मध्ये पकडलेले व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये जामीन दिला. पाच वर्षांत खटल्याची सुनावणी सुरू झालेली नव्हती. याच प्रकरणातील चौऱ्याऐंशी वर्षांचे फादर स्टॅन स्वामी जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात चालू असतानाच ५ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या रुग्णालयात वारले. दिल्लीतील २०२० च्या दंगलीच्या कथित कटाच्या खटल्यातही काही आरोपींची पाच वर्षे साक्षीपुराव्याला आरंभ होण्यापूर्वीच कारागृहात गेली. आरोप खरे की खोटे हे येथे आपण ठरवीत नाही. ते ठरविणाऱ्या न्यायालयापर्यंत प्रकरण पोचण्यास लागणारा काळ आपण मोजत आहोत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये केरळातील नजीब प्रकरणात म्हटले की, कलम ४३-ड असले तरी खटला वाजवी काळात संपण्याची शक्यता नसेल तर जामीन देण्याचा संविधानिक न्यायालयाचा अधिकार शिल्लक राहतो. आरोपी पाच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता आणि २७६ साक्षीदार तपासावयाचे राहिले होते. 'वाजवी काळ' म्हणजे किती, याचा आकडा मात्र या निर्णयाने दिलेला नाही. एका पीठाला पाच वर्षे पुष्कळ वाटतात, दुसऱ्याला तेवढीच पुरेशी वाटत नाहीत.

आकडा देण्याचा प्रयत्न एकदा संसदेने केला होता. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाने सल्लागार मंडळाशिवाय स्थानबद्ध ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली, आणि ते मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तीच्या शिफारशीने नेमावे अशी अट घातली. दुरुस्तीतील कोणते कलम केव्हा अमलात आणावयाचे ते ठरविण्याचे काम सरकारकडे सोपविलेले होते. इतर कलमे अमलात आली. हे एक राहिले. सप्टेंबर १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षेचा नवा स्थानबद्धता कायदा आला, त्याखाली धनबादचे खासदार ए. के. राय पकडले गेले, आणि हे कलम अमलात आणण्याचा आदेश सरकारला द्यावा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली. २८ डिसेंबर १९८१ रोजी बहुमताने निर्णय झाला की असा आदेश देणे न्यायालयाच्या अधिकारात बसत नाही. बहुमताचे निकालपत्र सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचे होते. तिसऱ्या कलमाची अधिसूचना त्यानंतरही निघालेली नाही.